शोधनिबंध मोजू नका, वाचा

प्रति,
मा. अध्यक्ष,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग,
नवी दिल्ली

मा. महोदय,

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. आता निवृत्त आहे. पण निवड समित्या आणि थिसिसचे परीक्षण यांच्या निमित्ताने अजूनही निरनिराळ्या महाविद्यालयांत जाणे होते. तिथे संशोधनाच्या नावाखाली जे चालते त्याबद्दल खासगीत सगळे बोलतात. लेखी मात्र कोणी देत नाही, कारण बढती प्रत्येकाला हवी असते. मला आता कोणतीच बढती नको आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: आपल्याकडे वैद्यकीय संशोधकाची योग्यता त्याचे निबंध मोजून ठरवली जाते. ते वाचण्याची जबाबदारी कोणावरच नाही. याचा भुर्दंड आधी प्रामाणिक संशोधकाला बसतो आणि शेवटी रुग्णाला.

शिक्षकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांची अट भारतीय वैद्यक परिषदेच्या काळापासून चालत आली आहे. २०१५ साली परिषदेने सांगितले की, पहिले किंवा दुसरे नाव असेल तरच निबंध धरायचा. २०१७ मध्ये ते बदलून पहिला लेखक किंवा कॉरस्पॉन्डिंग ऑथर एवढेच ग्राह्य ठरले. पुढे परिषद जाऊन आयोग आला आणि २०२२ च्या नियमावलीत पहिली तीन नावे किंवा कॉरस्पॉन्डिंग ऑथर अशी मुभा होती. निबंध कोणत्या सूचीतल्या नियतकालिकात असावा हेही त्यात नमूद झाले: मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायन्स सायटेशन इंडेक्स, एम्बेस, स्कोपस, डीओएजे. निबंधाचे प्रकारही ठरले: मूळ संशोधन, मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, केस सिरीज. सात वर्षांत नियम पुन्हा पुन्हा लिहिला गेला; पण निबंधात काय म्हटले आहे, हे पाहायला एकाही नियमाने सांगितले नाही.

याचा परिणाम पाहायचा असेल तर बढतीच्या फाइलींची पडताळणी चालू असताना शेजारी बसावे. उमेदवाराच्या नावापुढे तक्ता असतो. जर्नलचे नाव, कोणत्या इंडेक्समध्ये, लेखकांत क्रमांक कितवा, प्रकाशनाचे वर्ष, असे रकाने. लिपिक एकेका रकान्यात बरोबरची खूण करत जातो. संशोधनातून काय हाती लागले यासाठी रकानाच नाही. अशाच एका बैठकीत पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागातल्या एका तरुण शिक्षिकेची फाइल समोर आली. आदिवासी भागातल्या सर्पदंशांच्या नोंदी तिने वर्षानुवर्षे गावोगाव फिरून जमवल्या होत्या. रुग्ण कोणत्या पाड्यातून, किती वाजता निघाला, वाटेत किती वेळ गेला, प्रतिविष कुठे मिळाले, हे सगळे त्यात होते. त्या नोंदींच्या आधारे कोणत्या आरोग्य केंद्रात साठा वाढवायचा हे तालुक्याचे आरोग्य अधिकारी ठरवू लागले होते. पण तिचा एक पेपर कमी भरत होता. तिला पुढच्या वेळी यायला सांगण्यात आले. तिच्यानंतर आलेल्या उमेदवाराची फाइल जाडजूड होती. त्यातले बहुतेक पेपर आपल्याच एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली वाटून केलेल्या केएपी (माहिती, दृष्टिकोन, वर्तन) स्टडीचे होते: आज मोबाइलचे व्यसन, उद्या झोपेच्या सवयी, परवा आणखी काही. सगळ्या रकान्यांत खुणा झाल्या आणि तो प्राध्यापक झाला. समितीतल्या कोणीही नियम मोडला नव्हता, हेच मला अधिक गंभीर वाटते.

जिथे मागणी तिथे बाजार उभा राहतो. स्कोपस इंडेक्स्ड जर्नलमध्ये अमुक दिवसांत प्रकाशन, लेखकाच्या पहिल्या-दुसऱ्या स्थानाचे दर वेगवेगळे, असे मेसेज आज वैद्यकीय शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास फिरतात. रेसिडेंट डॉक्टर रात्रपाळ्या करून थिसिसचा डेटा गोळा करतो, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात थिसिस सादर होतो आणि मग त्यावरून पेपर करताना कोणाचे नाव कितवे यावर विभागप्रमुखांच्या खोलीत वाटाघाटी होतात. ज्याची बढती जवळ आली आहे, त्याचे नाव वर सरकते. विद्यार्थी संशोधनाचा पहिला धडा शिकतो तो हा.

यातला सायटेशनचा भाग वेगळा तपासायला हवा, कारण निबंधांची नुसती संख्या अपुरी आहे हे मान्य करणारे लोक लगेच सायटेशनकडे वळतात. किती जणांनी संदर्भ दिला ते पाहा, म्हणजे दर्जा कळेल, असे त्यांचे म्हणणे. युजीन गारफिल्ड यांनी सायटेशन इंडेक्सची कल्पना १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली आणि १९६० च्या दशकात फिलाडेल्फियातून सायन्स सायटेशन इंडेक्स प्रत्यक्षात आणला. एखाद्या कल्पनेचा माग काढत संशोधकाला पुढचे-मागचे निबंध सापडावेत, हा त्याचा हेतू होता. इम्पॅक्ट फॅक्टरही नियतकालिकांची तुलना करण्यासाठी आला. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढेच तो सांगतो. ही सरासरीही फसवी असते. नॉर्वेचे पेर सेग्लेन यांनी १९९७ मध्ये ‘बीएमजे’त दाखवून दिले की, नियतकालिकाला मिळणारी निम्मी सायटेशन जेमतेम १५ टक्के निबंधांमुळे येतात. म्हणजे मोठ्या जर्नलमध्ये छापून आलेला बाकीचा माल दुसऱ्याच्या पुण्याईवर मिरवतो. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स मांडला आणि एका माणसाची सगळी कारकीर्द एका आकड्यात बसवण्याची सोय झाली. आता तर दरवर्षी जगातल्या अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांची यादी जाहीर झाली की, महाविद्यालयांच्या फाटकांवर अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात.

सायटेशनचा आकडा काय दाखवू शकत नाही, याचे उत्तर आपल्याच देशात आहे. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात ओळखला. पण तो माणसाला मारतो कसा, हे पुढची पाऊणशे वर्षे उलगडले नव्हते. कोलकात्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू वाढवून गाळून घेतलेला जंतुविरहित द्राव सोडला. जंतू नसतानाही आतडे पाण्याने फुगले. जंतू बाहेर सोडतो ते विषच सारे घडवते, हे त्यातून सिद्ध झाले. १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांच्या एकट्याच्या नावाने आलेला हा निबंध सुरुवातीला फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव नोबेलसाठी सुचवले, १९७८ च्या कॉलऱ्यावरील नोबेल परिसंवादाला त्यांना बोलावणे आले. पण भारतातल्या कोणत्याही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केले नाही. १९८५ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाचे मोल सांगणारा विस्तृत लेख लिहिला तो खुद्द युजीन गारफिल्ड यांनी. डे यांची बढती १९६० साली सायटेशन पाहून ठरवली असती, तर निकाल काय लागला असता?

मुंबईचेही उदाहरण घ्या. ते माझ्या विषयातले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. १९५२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या तीन माणसांच्या रक्ताविषयी निबंध लिहिला. ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नव्हते. हाच तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. आजही या गटाच्या रुग्णाला ओ गटाचे रक्त चुकून दिले तर तो दगावू शकतो, इतके या शोधाचे महत्त्व ताजे आहे. निबंधावर सात नावे होती. भेंडे, देशपांडे आणि भाटिया ही पहिली तीन, मुंबईची. पुढची चार रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांची. रक्तगटांचे शास्त्र ज्यांनी उभे केले त्यांतली ही माणसे. चौघेही रॉयल सोसायटीचे फेलो झाले. आपल्या २०२२ च्या नियमाने हा निबंध त्या चौघांच्या खात्यावर जमाच झाला नसता. सँगर आणि वॉटकिन्स यांना शून्य देणारा नियम संशोधनाचे मोजमाप करतो, असे कसे म्हणायचे?

संशोधनाला लागणारा वेळही या मोजणीत धरला जात नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बाळांच्या घरोघरी देखभालीचा प्रयोग केला. आधी ३९ गावांत काम आणि ४७ गावांशी तुलना अशी मांडणी केली. मग दोन वर्षे नुसती पाहणी केली. त्यानंतर तीन वर्षे गावातल्या बायकांना शिकवून बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. एवढ्या वर्षांच्या कामाचा तो निबंध आपल्या रकान्यात एकच खूण होतो. त्याच काळात प्रश्नावल्या वाटणाऱ्याच्या दहा खुणा झालेल्या असतात.

महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून रात्री जागवत होते. लाल विंचवाच्या विषाने रक्तदाब कसा चढतो, फुप्फुसांत पाणी कसे भरते, हे त्यांनी तासातासाला टिपले आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीने तो मारा थोपवता येतो, हे दाखवले. गंभीर दंशांत पूर्वी ३० टक्क्यांच्या घरात असणारे मृत्यू या औषधानंतर ४ टक्क्यांच्या खाली आले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचे प्राझोसिनवरचे छोटे टिपण छापले. या विषयाला कर्करोगाइतकी सायटेशन कधीच मिळणार नाहीत, कारण ज्या देशांत संशोधनाचा पैसा आहे, तिथे भातशेतीतल्या मजुराला विंचू चावत नाही. सायटेशनच्या मागे लागलेला तरुण डॉक्टर आपल्या दारातला आजार सोडून श्रीमंत देशांना महत्त्वाचा वाटणारा आजार निवडेल. मग कोकणातल्या रुग्णाकडे पाहायचे कोणी?

आता उलट बाजू. जर्मनीचे भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट हे प्रचंड निबंध लिहिणारे, जगभर संदर्भ मिळवणारे संशोधक होते. मोजमापाच्या कोणत्याही पट्टीवर ते अव्वल. २०११ मध्ये एथिक्स कमिटीची मंजुरीच नसल्यामुळे त्यांचे ऐंशीहून अधिक निबंध मागे घेण्याचा निर्णय संपादकांना जाहीर करावा लागला. रक्तस्राव झालेल्या रुग्णाला शिरेतून देण्याच्या हायड्रॉक्सिएथिल स्टार्च या द्रावावरही त्यांचे बरेच संशोधन होते. २०१३ मध्ये ‘जामा’त आलेल्या विश्लेषणात बोल्ट यांचे निबंध वगळून पुन्हा हिशेब केला, तेव्हा त्या द्रावाने अतिदक्षता विभागातल्या रुग्णांचे मृत्यू वाढतात, असे दिसून आले. तोवर तो द्राव रुग्णांना दिला जात होता. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लस आणि ऑटिझम जोडणारा १९९८ चा निबंध तर आपल्या नियमाच्या चौकटीत चपखल बसतो: केस सिरीज, ‘लॅन्सेट’, पहिला लेखक. त्याला सायटेशनही भरभरून मिळाली. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. पण दरम्यान पालकांनी मुलांना लस टोचली नाही आणि गोवर परतला. सायटेशन एखाद्या निबंधाची चर्चा किती झाली एवढेच सांगते. तो खरा आहे का, याचे उत्तर निबंध उघडून वाचल्याशिवाय मिळत नाही. तापलेल्या रुग्णावर उपचार करायचे सोडून थर्मामीटर गार पाण्यात बुडवला, तर पारा उतरेल, ताप नाही. आपली आकडेवारी सध्या अशीच उतरते-चढते आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मला मनापासून पटतो. वाचून ठरवायचे म्हटले की वशिला येईल. आकडे निदान सगळ्यांना सारखे असतात. ज्यांच्या मागे कोणी नाही, ज्यांची जात, गाव किंवा आडनाव समितीला जवळचे वाटत नाही, त्यांना आकड्यांनीच आधार दिला आहे. हे खरे आहे आणि ते विसरून चालणार नाही. पण आकड्यांनी वशिला संपलेला नाही. लेखकांच्या यादीत नाव घुसवणे, आपल्या गटाने एकमेकांना सायटेशन देणे, पैसे मोजून जागा घेणे, हे वशिल्याचेच नवे मार्ग आहेत आणि ते ज्याच्याकडे पैसा आणि पद आहे त्यालाच उघडे आहेत. वशिल्यावर उपाय म्हणजे कारणे लेखी आणि जाहीर करणे. समितीने काय वाचले आणि का नाकारले हे उमेदवाराला कळले, तर त्याला दाद मागता येते. रकान्यातल्या फुलीवर दाद कशी मागणार?

याद्या करून दर्जा ठरत नाही, हेही एव्हाना सिद्ध झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची तपासणी पुण्यातल्या अभ्यासकांनी केली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले की, विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची होती. मग ‘केअर’ यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद झाली. जग दुसऱ्या वाटेने चालले आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये तयार झालेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्याने माणसाच्या मूल्यमापनात इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये असे सांगितले. चीनने २०२० मध्ये निबंधांसाठी रोख बक्षिसे देण्याची प्रथा थांबवण्याचे आदेश काढले. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणुका आणि बढत्यांतून इम्पॅक्ट फॅक्टर काढून टाकण्याचे जाहीर केले. आपल्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही २०१८ मध्ये संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दल धोरण-निवेदन प्रसिद्ध केले आहे. आयोगाला नव्याने शोध लावायचा नाही. जे ठाऊक आहे ते अमलात आणायचे आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली, बढतीसाठी उमेदवाराने आपली निवडक तीनच कामे द्यावीत. प्रत्येक कामाबरोबर एक पान: प्रश्न काय होता, मी स्वतः काय केले, हाती काय लागले. ही तिन्ही कामे समितीतल्या किमान दोघांनी वाचून लेखी अभिप्राय द्यावा आणि तो उमेदवाराला मिळावा.

दुसरी, लेखकांच्या क्रमांकाची अट काढून टाकावी. कोणी काय केले याची नोंद आज बहुतेक चांगली नियतकालिके निबंधाखाली छापतात, ती पाहावी.

तिसरी, कामाचे प्रकार वाढवावेत. एखादी दुर्मीळ केस नीट नोंदवणारा रिपोर्ट, रोगनोंदणीची रजिस्ट्री, औषधाचा उपयोग झाला नाही असे प्रामाणिकपणे सांगणारी चाचणी, जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने स्वीकारलेला अहवाल, हे सगळे संशोधनच आहे. सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत नोंदवलेल्या चाचणीचे निष्कर्ष वेळेत जाहीर करणाऱ्याला श्रेय मिळावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रत्येकाला संशोधक बनवण्याचा हट्ट सोडावा. रोज ओपीडी सांभाळून विद्यार्थ्यांना रुग्णाच्या पोटावर हात ठेवायला शिकवणारा शिक्षक उत्तम असेल, तर त्याला अध्यापनाच्या बळावर प्राध्यापक होता आले पाहिजे. त्याच्यावर पेपरची सक्ती केली, तर आपल्याला एक वाईट पेपर मिळतो आणि एक चांगला शिक्षक आपण दुखावतो. ज्यांना संशोधन करायचे आहे, त्यांना मात्र वेळ, प्रयोगशाळा आणि संख्याशास्त्रज्ञाची मदत द्यावी.

महोदय, यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. समितीतल्या माणसांनी बसून वाचायला लागणारे काही तास एवढाच खर्च आहे. आम्ही वैद्यकीय शिक्षक विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असतो की, रिपोर्टवर विसंबू नका, स्लाइड स्वतः पाहा. एवढीच शिस्त आयोगाने आपल्या निवड समित्यांना लावावी. पुढची नियमावली लिहिताना सर्पदंशांच्या नोंदी घेऊन आलेल्या त्या शिक्षिकेसारख्यांचे काम वाचले जाईल अशी तरतूद करावी, ही माझी आपणास कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय अध्यापिका